निसर्ग मंडळाची शेवटची नोंद

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘निसर्ग मंडळाच्या आठवणी’ असं छापलं आहे. आठवणी सांगणारच आहे, पण त्याबरोबर एक कामही आहे. आपलं निसर्ग मंडळ या जूनपासून अधिकृतपणे बंद होतंय. शासनाच्या योजनेतला इको क्लब शाळेत सुरू झाला आहे, आणि एका शाळेत दोन मंडळं चालवायला ना शिक्षक आहेत ना वेळ. जिन्याखालची आपली खोलीही नव्या इमारतीच्या कामात जाणार आहे. मुख्याध्यापिका मॅडमनी हे सगळं मला फोनवर स्पष्टपणे सांगितलं आणि विचारलं, “कपाटाचं काय करायचं? तुम्हा माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी नेणार आहे का?” तेव्हा आज आपण एका मंडळाला निरोप देतोय, आणि तो नीट कसा द्यायचा हे ठरवतोय.

आधी, ज्यांना मंडळाचा फारसा संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. क तुकडीतली बरीच मंडळी शनिवारी शाळा सुटली की थेट क्रिकेटला पळायची, त्यामुळे त्यांना आम्ही ‘गवत गोळा करणारे’ वाटायचो.

मंडळ सुरू झालं १९८७ साली, आपण पहिलीत होतो तेव्हा. डॉ. सालिम अली गेले ते हेच वर्ष. भोपाळची दुर्घटना होऊन तीन वर्षंही झाली नव्हती, पर्यावरण संरक्षण कायदा आदल्या वर्षीच आला होता. पर्यावरण हा शब्द वर्तमानपत्रात दिसू लागला होता, पण शाळेच्या वेळापत्रकात कुठेच नव्हता. अशा वेळी आपल्या विज्ञानाच्या बाईंनी जिन्याखालची खोली मागून घेतली, एक कपाट मिळवलं आणि आठवी-नववीच्या मुलांना शनिवारी साडेअकरानंतर थांबवायला सुरुवात केली. गुण नव्हते, प्रमाणपत्र नव्हतं. भूगोलाचे सर सहलींना सोबत यायचे. मंडळाची मालमत्ता म्हणजे खाकी कव्हर घातलेलं सालिम अलींचं पक्ष्यांचं पुस्तक, मारुती चितमपल्लींची दोन-तीन पुस्तकं, एक भिंग आणि एकच दुर्बीण. दुर्बीण पस्तीस जणांत एक. प्रत्येकाच्या पाळीला मागचा मोठ्याने वीसपर्यंत आकडे मोजायचा आणि वीस झाले की दुर्बीण पुढे. शेवटी शेवटी मागचा इतक्या वेगाने मोजायचा की पक्षी सोडाच, झाडही धड दिसायचं नाही!

पावसाळ्यात अंजनेरी आणि हिवाळ्यात नांदूर मधमेश्वर ही दोन ठरलेली ठिकाणं. नांदूरला आपण एसटीच्या लाल गाडीने जायचो. निफाडच्या थंडीत दातावर दात वाजत असायचे, दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, आणि डब्यात सगळ्यांच्या पोळी आणि शेंगदाण्याची चटणी. सर बंधाऱ्यावर उभं राहून जे सांगायचे ते मला अजून आठवतं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी हा बंधारा बांधला. नद्यांनी वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला, पाणी उथळ झालं, मध्येमध्ये बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. आणि उथळ पाणी आणि चिखल म्हणजे बदकांना, शेकाट्यांना, चमचा पक्ष्यांना आयतं ताट! सर म्हणायचे, “साठवण म्हणून नापास, पाणथळ म्हणून पहिल्या वर्गात पास.” १९८६ साली तिथे अभयारण्य झालं होतं, पण आपण जायचो तेव्हा फारसं कुणी फिरकायचं नाही. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं, तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर जणू आपणच ते पाणथळ शोधून काढल्यासारखा जल्लोष चालला होता.

हे झालं मौजेचं. पण मंडळाचा गाभा सहली नव्हता, आणि खरं सांगायचं तर झाडं लावणंही नव्हता. झाडं दर जुलैत लावली जायची, काही जगायची, काही मेच्या सुट्टीत वाळायची. मंडळाचा गाभा होता नोंदवही. आडवी, लाल कापडी कण्याची, किराणा दुकानात उधारी लिहायला असते तसली वही. बाईंनी स्वतः पट्टीने रकाने आखलेले. तारीख, वेळ, ठिकाण, निरीक्षकाचं नाव, काय दिसलं, किती, शेरा. अशा सत्तावीस वह्या आज त्या मागच्या टेबलावर मांडल्या आहेत.

नोंदीचे नियम तीन होते. पहिला, नाव लिहिल्याशिवाय नोंद नाही. कोणी पाहिलं हे कळलं पाहिजे. दुसरा, खोडायचं नाही. आपल्या एका मित्राने शाळेच्या पाण्याच्या टाकीवर ‘गरुड, १’ अशी नोंद केली होती. ती घार होती हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, बाईंनाही. पण बाईंनी ती ओळ खोडली नाही. शेजारी लाल पेनने प्रश्नचिन्ह काढलं, खाली सही केली आणि त्याला म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी शेपूट नीट बघ.” पुढच्या शनिवारी त्याच मुलाच्या अक्षरात ‘घार, १, शेपूट दुभंगलेली’ अशी नोंद आहे. दोन्ही ओळी अजून तिथेच आहेत, टेबलावर बघता येतील. तो मित्र इथेच बसला आहे, नाव मी सांगत नाही, पण त्याने आत्ता मान खाली घातली आहे!

तिसरा नियम तेव्हा सगळ्यात कटकटीचा वाटायचा. काही दिसलं नाही तर तेही लिहायचं. आपल्या ठरलेल्या यादीतला पक्षी त्या दिवशी त्या जागी दिसला नाही, तर रकान्यात ‘नाही’ असं अक्षरात लिहायचं. जागा मोकळी सोडली की बाई वही परत द्यायच्या. “मोकळ्या जागेतून मला काय कळणार? तू बघितलंस आणि तो नव्हता, की तू बघितलंच नाहीस?”

मी आज पंचवीस वर्षांच्या आसपास सॉफ्टवेअरमध्ये काम करते आहे. डेटाबेसमध्ये शून्य आणि ‘नल’, म्हणजे माहितीच नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि त्यांची गल्लत झाली की अहवाल खोटे निघतात. नव्या मुलांना हे समजावताना मला आखलेल्या वहीतला ‘नाही’ आठवतो. आज जगभरचे पक्षीनिरीक्षक ज्या ई-बर्डवर नोंदी टाकतात, तिथे प्रत्येक यादीच्या शेवटी विचारतात, तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही लिहिलेत का? ‘हो’ म्हटलं की यादीत नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. जिन्याखालच्या खोलीत हे कोणत्याही संगणकाशिवाय चालू होतं.

या ‘नाही’ची किंमत काय, ते वह्यांमधल्या एका रकान्यावरून सांगते. मंडळाच्या ठरलेल्या जागांमध्ये गावाबाहेरची, मेलेली जनावरं टाकतात ती जागा होती. कोणालाच तिकडे जायला आवडायचं नाही, नाकाला रुमाल बांधून जायचो. यादीत गिधाडं होती. सुरुवातीच्या वह्यांमध्ये आपल्या आधीच्या मुलांनी लिहिलं आहे, ‘गिधाडे, थवा, मोजता आली नाहीत’. आपल्या वेळी आकडे आहेत, एक अंकी. त्यानंतरच्या तुकड्यांच्या वह्यांत ‘नाही’ सुरू होतो. आणि मग ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’, पानामागून पान, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. कितीतरी मुलांनी गिधाड आयुष्यात पाहिलं नसताना, नाकाला रुमाल बांधून तिथे जाऊन ‘नाही’ लिहिलं आहे.

तेव्हा आपल्याला कारण माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. तोवर आपल्याकडे एकेकाळी सगळ्यात जास्त दिसणारं पांढऱ्या पाठीचं गिधाड शंभरातलं एकही उरलं नव्हतं. म्हणजे आपण शाळेत होतो नेमक्या त्याच वर्षांत हे घडत होतं, आपल्या नाकासमोर, आणि शाळकरी मुलांच्या वहीत ते तारीखवार उतरत होतं. कुणी त्या वह्या मागितल्या नाहीत ही वेगळी गोष्ट. पण रकाने मोकळे सोडले असते तर आज मागूनही काही मिळालं नसतं.

अशा वह्यांचा उपयोग होतो का, असं कुणी विचारेल. अमेरिकेत थोरो नावाचा लेखक होऊन गेला. त्याने १८५० च्या दशकात आपल्या कॉन्कर्ड गावात कोणतं रानफूल कोणत्या दिवशी उमललं हे लिहून ठेवलं होतं. दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याच गावात फिरून नव्या नोंदी घेतल्या आणि जुन्यांशी ताडून पाहिल्या. फुलं कितीतरी दिवस आधी उमलू लागल्याचं त्यांना दिसलं. तापमानवाढीचा एका गावापुरता पुरावा कुणाच्या तरी फिरण्याच्या सवयीतून मिळाला. आपल्या देशातही सीझनवॉच या उपक्रमात लोक, आणि त्यांत पुष्कळ शाळकरी मुलं, ठरावीक झाडाची पालवी, फुलं, फळं दर आठवड्याला नोंदवतात.

आपल्याकडे फाटकाजवळच्या बहाव्याच्या नोंदी आहेत. दरवर्षी पहिला घोस कधी दिसला ते. आता बहावा फुलतो परीक्षा संपता संपता किंवा सुट्टीत, तेव्हा मुलं कुठे असायची? त्या नोंदी आपल्या शिपाईमामांच्या आहेत. मामा शाळेच्या आवारातच राहायचे. बाईंनी सुट्टीपुरती वही त्यांच्याकडे सोपवलेली असायची. त्यांच्या मोठ्या, वळणदार अक्षरात ‘बाव्हा फुलला’ असं लिहिलेलं आहे, तारखेसकट, आणि निरीक्षकाच्या रकान्यात न चुकता स्वतःचं पूर्ण नाव. मामा आज हयात नाहीत. मी त्या सगळ्या तारखा तक्त्यात भरून पाहिल्या. बहावा लवकर फुलायला लागलाय का, असं विचाराल तर एका झाडाच्या एवढ्या नोंदींवरून ठामपणे काही म्हणता येत नाही, तारखा मागेपुढे होतात. पण आणखी कुणाच्या नोंदींशेजारी या ठेवल्या तर कदाचित म्हणता येईल. नोंद एकटीने फार काही सांगत नाही, म्हणून ती टाकून द्यायची नसते.

मंडळ का संपलं, यावर ग्रुपवर बरीच चर्चा झाली, थोडी गरमागरमीही झाली. काहींचं म्हणणं पडलं की शाळेने दुर्लक्ष केलं. मला तसं वाटत नाही. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेना आली. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सगळ्या इयत्तांना द्यायला सांगितलं. आपल्या बाई ज्यासाठी शनिवारी थांबायच्या, ते वेळापत्रकात आलं. ही चांगलीच गोष्ट झाली. देशातल्या लाखो मुलांपर्यंत ते पोचलं, जे जिन्याखालच्या खोलीतून कधीच पोचलं नसतं. पण वेळापत्रकात आलं की त्याला गुण लागले, प्रकल्पवही लागली, फोटो आणि अहवाल लागले. बाई २०११ मध्ये निवृत्त झाल्या. नंतर एका तरुण सरांनी मनापासून चालवलं. मग करोनाची दोन वर्षं शाळाच बंद होती. त्यानंतर मुलांना शनिवारी क्लास, सरांना अनेक जादा जबाबदाऱ्या, आणि चाळीस मुलांना पाण्याच्या कडेला नेण्यासाठी लागणाऱ्या परवानग्या. यात कुणा एकाचा दोष मला तरी दिसत नाही.

आपल्या ग्रुपवर दोन सूचना आल्या होत्या. एक, निधी गोळा करून मंडळ पुन्हा सुरू करावं आणि खोलीला बाईंचं नाव द्यावं. दुसरी, प्रत्येकाने एक अशी झाडं लावून स्मृतिवन करावं. दोन्हींमागची भावना मला कळते, आणि तरी माझं मत वेगळं आहे, ते आज सगळ्यांसमोर मांडते.

मंडळ पैशांवर चालत नव्हतं. एक शिक्षिका आणि पस्तीस मुलांचा मोकळा शनिवार यावर चालत होतं. या दोन्ही गोष्टी आपण पुण्या-मुंबईहून किंवा दुबईहून देणगी पाठवून विकत घेऊ शकत नाही. पाटी लावू, उद्घाटनाला नारळ फोडू, आणि दोन वर्षांनी त्या खोलीत जुनी बाकं ठेवलेली दिसतील. मग मंडळ चालू आहे की बंद, हे कुणालाच सांगता येणार नाही. रकाना मोकळा राहील. स्मृतिवनाचंही तसंच. झाड लावायला एक सकाळ लागते, पाणी घालायला तीन उन्हाळे. ते उन्हाळे शाळेच्या नव्या शिपाईमामांच्या डोक्यावर टाकायचा आपल्याला अधिकार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. मंडळ बंद झालं, हे आपण मान्य करू आणि मंडळाच्याच पद्धतीने लिहून ठेवू. आणि त्याचं जे खरोखर उरलं आहे, त्या सत्तावीस वह्या, त्यांची सोय लावू.

काम काय आहे ते सांगते. सगळ्या वह्यांची पानं स्कॅन करून झाली आहेत. काही वह्यांना वाळवी लागली होती, दोन पावसात भिजल्या होत्या, तरी बहुतेक मजकूर वाचता येतो. मूळ वह्या शाळेच्या ग्रंथालयात राहतील. मॅडमनी बंद कपाटातला एक कप्पा देऊ केला आहे, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. स्कॅन केलेल्या पानांची एक प्रत इको क्लबच्या शिक्षकांकडे जाईल. नव्या मुलांना वाटलं तर तीच झाडं आणि त्याच जागा ती पुढे नेतील, नाही वाटलं तर नाही नेणार. तो त्यांचा निर्णय. पक्ष्यांच्या ज्या नोंदींत तारीख, जागा आणि निरीक्षक तिन्ही आहेत, त्या ई-बर्डवर टाकता येतात, तिथे जुन्या नोंदी भरायची सोय आहे. पण संगणकाला आपली अक्षरं वाचता येत नाहीत. मी प्रयत्न करून पाहिला, ‘खंड्या’चा ‘खाडा’ झाला. आणि कुठल्या नोंदीवर विश्वास ठेवायचा हे तर त्याला मुळीच सांगता येणार नाही. ते ज्याने लिहिलं त्यानेच सांगायचं. तीस वर्षांपूर्वी तुम्ही ‘चक्रवाक, १२’ लिहिलंत, ते खरंच बारा होते का, की मागचा वीसला पोचला होता म्हणून घाईत ठोकून दिलंत? आठवत नसेल तर तसं लिहा. शेजारी प्रश्नचिन्ह, खाली सही. खोडायचं मात्र नाही.

प्रत्येकाने आपापल्या वर्षाची पंधरा-वीस पानं घेतली तर दिवाळीपर्यंत काम पूर्ण होईल. आपल्या पुढच्या-मागच्या तुकड्यांतल्या सात जणांनी आधीच होकार कळवला आहे. दुर्बीण मात्र कुणी मागू नये. ती अजून चालते, आणि ती इको क्लबला दिली आहे. वीसपर्यंत मोजायचा नियमही सोबत लिहून दिला आहे.

बाई, तुम्ही आज आलात, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जिने चढून आलात. तुमचे आभार मानायला मी उभी राहिले तर तुम्ही ‘मुद्द्याचं बोल’ म्हणाल, म्हणून मुद्द्याचंच बोलते. सत्ताविसाव्या वहीत शेवटची नोंद मार्च २०२० ची आहे, ‘साळुंकी, ४’. त्यापुढची पानं कोरी आहेत. सहा वर्षांनी कुणी ती वही उघडली तर त्याला कळणार नाही की मंडळ थांबलं, की वही हरवली, की मुलांनी कंटाळा केला. मी पट्टीने रकाने आखून आणले आहेत. आजची तारीख, वेळ, ठिकाण शाळेचं सभागृह. ‘काय दिसलं’ या रकान्यात तुम्ही लिहायचं आहे, तुमच्या शब्दांत. ‘किती’ मध्ये आज इथे जमलेल्या मंडळाच्या मुलांची संख्या लिहू, मी सकाळी नोंदणीच्या टेबलावरून मोजून घेतली आहे. निरीक्षकांच्या रकान्यात आम्ही सगळे सह्या करू, जागा पुरली नाही तर मागच्या पानावर.

चहा मागच्या बाजूला आहे आणि वह्याही तिथेच आहेत. हात कोरडे करून पानं उलटा. आपलं अक्षर सापडलं की शेजारच्या कागदावर नाव, फोन आणि वहीचा क्रमांक लिहा. ज्यांचं अक्षर कुठेच नाही, त्या क तुकडीच्या क्रिकेटवाल्यांनाही काम आहे. त्यांनी वाचून दाखवायचं, आम्ही टाइप करू.